रविवारची फ्लाइट कुणाच्या वेळेतली?

आमच्या आयटी कंपनीच्या टाइमशीटमध्ये, म्हणजे रोज किती तास काम केलं ते भरायच्या तक्त्यात, एका दिवसाला नऊच्या वर आकडा टाकला की एंट्री सेव्हच होत नाही. लाल पट्टी येते, मॅनेजरचं अप्रूव्हल जोडा म्हणून सांगते, ते अप्रूव्हल कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही, मग शुक्रवारी संध्याकाळी सगळे जण नऊ नऊ नऊ नऊ नऊ असं टाकून सबमिट करतात आणि घरी जातात. त्याच आठवड्यात बुधवारी रात्री दीडपर्यंत डिप्लॉयमेंट चाललेलं असतं, शनिवारी दुपारी क्लायंटचं डेटा व्हेरिफिकेशन झालेलं असतं, आणि टीममधले दोघं रविवारी संध्याकाळपासून बंगळुरूच्या वाटेवर असतात. यातलं काहीही कुठेही नोंदलं जात नाही. रेकॉर्डवर आमचा आठवडा बरोब्बर पंचेचाळीस तासांचा असतो, प्रत्येकाचा, प्रत्येक आठवड्याला.

मी हिंजवडीत बरीच वर्षं काम करतेय, आधी कोड लिहायचे, मग टेस्टिंगला आले, आता एक टीम सांभाळते. त्यामुळे हे सगळं दोन्ही बाजूंनी पाहिलंय, स्वतः थांबलेय पण आणि दुसऱ्यांना थांबा म्हणायची वेळ पण आलीये. आणि मला आता फार मनापासून वाटतं की पगार वाढवा, वर्क लाइफ बॅलन्सचं वर्कशॉप घ्या, फ्रायडे फन करा हे सगळं नंतर, आधी हे तास लिहा. जेवढं काम झालं तेवढं लिहा. प्रवासाचे पण लिहा. पुढचं सगळं बोलणं त्याच्यानंतर सुरू होऊ शकतं, कारण जो तास लिहिलाच नाही त्याचे पैसे मागायचे कशाच्या जोरावर, आणि त्याची सुट्टी तरी कुठल्या तोंडाने मागायची.

बाहेरच्या लोकांना हे पटकन कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. सर्व्हिस कंपन्यांचा, म्हणजे दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या आयटी कंपन्यांचा, सगळा धंदाच तासांवर चालतो. टाइम अँड मटेरियल प्रकारचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर क्लायंटला माणशी तासाचा रेट लावलेला असतो, इतक्या अनुभवाच्या माणसाचे तासाला इतके डॉलर, दिवसाला आठ तास, आणि जास्तीचे तास लावायचे तर क्लायंटची आधी लेखी परवानगी लागते. ती परवानगी मागायला अकाउंट मॅनेजरला संकोच वाटतो कारण पुढच्या वर्षीचं रिन्यूअल डोक्यात असतं, म्हणून जास्तीचं काम क्लायंटला फुकट दिलं जातं. फिक्स्ड बिड, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम आधी ठरलेली, असेल तर आणखी वेगळं. डिलिव्हरी टीमने एस्टिमेट दिलेलं असतं, सेल्सवाले ते कापतात, समोरची कंपनी आणखी घासाघीस करते, आणि बारा जणांचं सहा महिन्यांचं काम नऊ जणांनी पाच महिन्यांत करायचं ठरतं. काम तेवढंच राहतं, स्कोप एका ओळीनेही कमी होत नाही. उरलेले तास कुठून येतात? टीमच्या रात्रींमधून आणि शनिवार-रविवारमधून येतात. म्हणजे कुणी आळशी आहे, कुणाला टाइम मॅनेजमेंट जमत नाही म्हणून रात्र होते असं नाहीये, ती रात्र कॉन्ट्रॅक्टवर सही झाली त्याच दिवशी ठरलेली असते. मार्जिन ज्याला म्हणतात त्यातला एक हिस्सा म्हणजे हे न लिहिलेले तास आहेत, हे मी डिलिव्हरी रिव्ह्यूच्या शीट्स पाहून सांगतेय.

त्यात अमेरिकेच्या वेळेचं गणित. ईस्ट कोस्टच्या क्लायंटचा दुपारी बाराचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला असतो, नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की तोच कॉल साडेदहाला. क्लायंट तिकडे जेवायला जायच्या आधी स्टेटस घेतो, इकडे मुलं झोपलेली असतात, आपण बेडरूमचं दार ओढून हॉलमध्ये हळू आवाजात बोलत असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, आहेच. फ्लेक्सिबल टायमिंग आहे ना तुम्हाला, असं एचआर सांगतं, पण रात्री अकराला संपवलं म्हणून सकाळी बाराला आलं तर चालतं असं मी एकाही प्रोजेक्टवर पाहिलेलं नाही. बँकेचे प्रोजेक्ट असतील तर रिलीज, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर चालू करणं, नेहमी शनिवारी रात्री, कारण तेव्हा व्यवहार कमी असतात, आणि मार्चएंडला तर बोलायलाच नको. अमेरिकन क्लायंट असेल तर दिवाळीत रिलीज ठरतो. त्यांना लक्ष्मीपूजन कधी आहे हे माहीत असायचं कारण नाही, पण आपल्या माणसांना माहीत असतं ना, त्यांनी तारीख ठरताना बोलायला नको का.

आता प्रवासाचं. मला खरं तर याच्याबद्दलच जास्त लिहायचंय, कारण जास्तीच्या तासांबद्दल थोडं तरी बोललं जातं, प्रवासाबद्दल कुणीच बोलत नाही. प्रवास म्हणजे फिरायला मिळालं, हॉटेलात राहायला मिळालं, असा घरच्यांचा पण समज असतो. नेहमीची ट्रिप कशी असते ते सांगते. सोमवारी सकाळी नऊला बंगळुरूला क्लायंटच्या ऑफिसात मीटिंग. ट्रॅव्हल डेस्क दोनच पर्याय देतं, रविवारी संध्याकाळची फ्लाइट नाहीतर सोमवारी पहाटेची. पहाटेची घेतली तर एक रात्रीचं हॉटेल वाचतं म्हणून बजेट तंग असलं की तीच मिळते. मग वाकडहून साडेतीनला कॅब, चारनंतर लोहगावला, चेक-इन, सिक्युरिटी, सहाची फ्लाइट, तिकडे उतरून देवनहळ्ळीच्या एअरपोर्टवरून शहरात पोचेपर्यंत तासदीड तास कॅबमध्ये, आणि मग त्या माणसाने दिवसभर क्लायंटसमोर उभं राहून प्रेझेंटेशन द्यायचं. परत येताना शेवटची फ्लाइट, ती लेट झाली की घरी पोचेपर्यंत एक वाजलेला असतो. टाइमशीटमध्ये त्या दिवसाचे नऊ तास. पहाटे साडेतीनपासून रात्री एकपर्यंत माणूस कंपनीच्या कामासाठी घराबाहेर होता, एअरपोर्टवर बसून लॅपटॉपवर डेक दुरुस्त करत होता, कॅबमधून कॉलवर होता, आणि लिहिले नऊ. मुंबईचं तर त्याहून वाईट कारण मुंबईला कुणी प्रवास म्हणतच नाही. पुण्याहून पहाटे पाचला निघा, एक्स्प्रेसवेने बीकेसीत पोचा, दिवसभर बँकेत बसा, रात्री अकराला परत, आणि "मुंबई तर आहे, इथेच तर आहे" असं ऐका.

बायकांचं आणखी वेगळं होतं. माझ्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, बाळ जेमतेम आठ महिन्यांचं, आणि तिला दोन आठवड्यांसाठी हैदराबादला जायला सांगितलं. विचारणारा माणूस वाईट नव्हता. "अगं, दोनच आठवडे आहेत, घरी सासूबाई आहेत ना," एवढंच म्हणाला. ती "नाही जमणार सर" म्हणाली. कुणी काही बोललं नाही, रागावलं नाही, पण वर्षअखेरीच्या रेटिंगच्या चर्चेत तिच्या नावापुढे "फ्लेक्सिबिलिटी कमी" असा शब्द आला तेव्हा मी त्या मीटिंगमध्ये बसले होते. मी विचारलं की बाबांनो, हिच्या रोलमध्ये प्रवास लिहिलेला आहे का, जॉब डिस्क्रिप्शन काढा. काढलं. नव्हता. तो शब्द खोडला गेला, पण मी नसते तर राहिला असता, आणि तिला आयुष्यात कधी कळलंही नसतं की आपलं रेटिंग कशामुळे खाली गेलं.

पैशांचं पण बघा. नवीन लागलेल्या मुलामुलींकडे क्रेडिट कार्ड नसतं, त्यांना हॉटेलचं डिपॉझिट, कॅब, जेवण सगळं खिशातून घालावं लागतं, बिलं अपलोड करायची, एक बिल पुसट आलं म्हणून क्लेम परत येतो, मग पुन्हा. महिना महिना पैसे अडकतात. साडेतीन लाखांच्या आसपासच्या पॅकेजवर लागलेल्या, पिंपळे सौदागरला तिघात एक फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलाने कंपनीला बिनव्याजी उधार द्यायचं म्हणजे काय. ॲडव्हान्स देता येतो, तशी सोय बहुतेक पॉलिसीत असते, फक्त कुणी सांगत नाही. नवीन असाल तर ट्रॅव्हल डेस्कला मेल करून ॲडव्हान्स मागा, लाजू नका.

माझे बाबा पिंपरीत एका इंजिनिअरिंग कंपनीत मशीनवर होते. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा, वेगळा रकाना असायचा. किती तास, कुठल्या रेटने, किती रुपये. फॅक्टरी ॲक्ट १९४८ चा, त्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि त्यावरच्या तासांना दुप्पट मजुरी हे लिहिलेलं होतं, आणि युनियन असल्यामुळे ते पाळलं जायचं. थांबायचं असेल तर सुपरवायझरला आधी स्लिप भरून द्यावी लागायची, त्याला वर उत्तर द्यावं लागायचं की इतकी ओटी का लागली, म्हणून तो उगाच कुणाला थांबवायचा नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं. माझ्या दहावीच्या क्लासची फी ओटीतून आली एवढंच माहीत होतं. मी नोकरीला लागले, पहिल्यांदा सलग तीन-चार रात्री उशिरा आले, तेव्हा बाबांनी सरळ विचारलं, "मग ओटी किती बसली?" मी म्हणाले आमच्यात ओटी नसते. त्यांना वाटलं मी नवीन आहे म्हणून मला माहीत नाही. "एकदा ऑफिसात विचारून घे," म्हणाले. आई म्हणाली, "अहो, त्यांचं वेगळं असतं, त्या स्टाफमध्ये आहेत." आणि ते तिथेच राहिलं.

स्टाफमध्ये आहेत म्हणून ओटी नाही हे आपण इतकं गृहीत धरलंय की कायदा काय म्हणतो हे बघायला पण कुणी जात नाही. मी गेले, एका वकील मैत्रिणीसोबत बसून नीट वाचलं. महाराष्ट्रात ऑफिसांना फॅक्टरी ॲक्ट लागू होत नाही पण दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो, त्याचं नवं रूप २०१७ साली आलं आणि १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आलं. तेव्हा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तो पूर्ण लागू झाला आणि आयटी कंपनी ही आस्थापनाच आहे. त्यात तेव्हा ठरलेलं असं: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, मधल्या सुट्टीसकट दिवसाचा पसारा साडेदहा तासांच्या आत, त्यावर काम करून घेतलं तर नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे, आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास ओव्हरटाइम. बायकांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात त्यांच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही आणि लावलं तर सुरक्षिततेची, वाहनाची जबाबदारी मालकाची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदल करायला मान्यता दिली, वीस आणि जास्त माणसांच्या आस्थापनांसाठी दिवसाचे नऊचे दहा तास आणि तिमाहीचे १२५ चे १४४ तास. मला तो बदल अजिबात पटलेला नाही. पण तो बाजूला ठेवला तरी दुप्पट पैशांचा नियम जागेवरच आहे. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यातही ओव्हरटाइमला दुप्पटच आहे.

मग आपल्याला का मिळत नाही? कारण कायद्यात कामगार म्हणजे कोण याची व्याख्या आहे. कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारे त्यात येतात. व्यवस्थापक म्हणून काम करणारे येत नाहीत, गोपनीय स्वरूपाचं किंवा देखरेखीचं काम करणारेही बाहेर राहतात. आणि आपल्याकडे पदं वाटायची पद्धत काय आहे ते सगळ्यांना माहितीये. तीन वर्षांत असोसिएट कन्सल्टंट, पाच वर्षांत लीड, सात वर्षांत असिस्टंट मॅनेजर, हाताखाली एकही माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर कोड लिहायचा आणि बग फिक्स करायचे, पण कार्डावर मॅनेजर. कंपनीला विचारलं तर म्हणणार तुम्ही मॅनेजमेंट केडर. पण कोर्टांनी अनेक वर्षांपासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीये की पद काय आहे ते बघायचं नाही, माणूस प्रत्यक्षात मुख्यतः काय काम करतो ते बघायचं. दिवसभर टेस्ट केस लिहिणारी आणि चालवणारी मुलगी तांत्रिक काम करते, तिच्या कार्डावर काहीही छापा. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला, कारण आमच्या फ्लोअरवरचे दहातले आठ जण तर असंच काम करणारे आहेत.

हिशोब करून बघा म्हणजे किती मोठी गोष्ट आहे कळेल. समजा महिन्याची वेजेस, म्हणजे कायद्याच्या हिशोबातली मजुरी, ५२,००० आहेत. २६ दिवसांनी भागलं की रोजचे २,०००, आठ तासांनी भागलं की तासाला २५०, दुप्पट म्हणजे ५००. रोज नऊ तासांनंतर आणखी दोन तास, महिन्याचे वीस दिवस, झाले चाळीस तास, म्हणजे महिन्याला २०,००० रुपये. ढोबळ आहे, वेजेसमध्ये काय धरायचं यावर वाद होऊ शकतो, पण अंदाज येतो. रोजचे दोन तास, ज्याला आपण उशीर झाला असंसुद्धा म्हणत नाही. वर्षाचं इन्क्रिमेंट किती मिळालं ते आठवा आणि शेजारी ठेवून बघा.

आयटीवाल्यांना भरपूर पगार असतात, त्यांना कसली ओटी, असं माझ्याच नात्यातले लोक म्हणतात. भरपूर पगार काहींना आहे, खरं आहे. पण फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षांपूर्वी जेवढं होतं जवळपास तेवढंच आजही मोठ्या कंपन्यांत आहे, आणि वाकडला टू बीएचकेचं भाडं कुठून कुठे गेलंय. आणि समजा पगार चांगला आहे, तरी तो नऊ तासांचा ठरलाय ना. ऑफर लेटरमध्ये एक ओळ असते की बिझनेसच्या गरजेनुसार जास्त वेळ थांबावं लागेल आणि कुठेही प्रवास करावा लागेल, ती सगळ्यांच्या लेटरमध्ये असते, सगळ्यांनी न वाचता सही केलेली असते. पण कायद्याने दिलेला हक्क कॉन्ट्रॅक्टमधल्या एका ओळीने जात नाही. हे मैत्रिणीने मला तीनदा सांगितलं कारण माझा विश्वासच बसेना.

प्रवासाच्या वेळेबद्दल मात्र आपल्याकडे कायद्यात स्पष्ट काही नाही आणि तिथेच सगळ्यात जास्त पिळवणूक होते. अपघाताच्या बाबतीत विचार थोडा पुढे गेलाय. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे तीनच्या ड्युटीला निघाला होता, वाटेत अपघातात गेला, ही गोष्ट २००३ ची. नुकसानभरपाईचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीच्या ओघातला धरता येतो. बावीस वर्षं लागली त्या कुटुंबाला. घरातून कामावर जातानाच्या वाटेबद्दल कोर्ट एवढं म्हणतंय, तर कंपनीने स्वतः तिकीट काढून पाठवलेली रविवारची फ्लाइट ही माझी खाजगी वेळ कशी काय होते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

कॉलेजमधला एक मित्र जर्मनीत स्टुटगार्टला असतो, आमचंच काम, आमच्याच सारख्या क्लायंटसाठी. तो सांगतो की तिकडे दिवसाला दहा तासांच्या वर काम करून घेता येत नाही आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत अकरा तासांची विश्रांती सक्तीची आहे. रात्री रिलीज झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुणी कॉलवर घेत नाही, घेतलं तर वर्क्स कौन्सिल, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, विचारते. त्याच प्रोजेक्टवरची पुण्याची टीम मात्र रात्रभर रिलीज करून सकाळी परत कॉलवर असते. क्लायंट एक, काम एक, आणि पुण्यातल्या माणसाला झोप लागत नाही का? फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन, मेलला उत्तर न देण्याचा हक्क दिला. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी असंच खासगी विधेयक, म्हणजे सरकारऐवजी खासदाराने स्वतः मांडलेलं, डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयक शेवटचं मंजूर झालं १९७० साली, त्यामुळे ते पास होईल अशी आशा मी धरत नाहीये, पण निदान संसदेच्या कागदावर तरी हा विषय आला.

दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी मोठा माणूस आठवड्याला किती तास काम करावं हे सांगतो. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना सत्तर तास सांगितले, २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं बाहेर आलं. चर्चा होते, मीम्स होतात, विरून जातं. पण त्या तासांचे पैसे कोण देणार हा प्रश्न त्या चर्चेत कुणी विचारत नाही. आणि शरीराचं काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातच एका मोठ्या फर्ममध्ये लागून काही महिनेच झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली, तिच्या आईने लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळ्यांनी वाचलं. ते वाचून आमच्या फ्लोअरवर त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. आणि नंतर कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा निघालं की त्या ऑफिसची आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. ज्या ऑफिसची नोंदणीच नाही तिथले तास कोण मोजणार होतं?

तक्रार का करत नाहीत, असं लोक विचारतात. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, रिलीव्हिंग लेटर, पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, घराचा ईएमआय. एकट्याने नाव देऊन तक्रार केली तर या सगळ्यावर पाणी पडू शकतं ही भीती खोटी नाहीये. म्हणूनच संघटना लागते. कर्नाटकात २०२४ मध्ये आयटीत चौदा तासांपर्यंतचा दिवस करायचा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या केआयटीयू या कर्मचारी संघटनेने आवाज उठवला म्हणून बाहेर कळलं तरी. पुण्यात नाइट्स ही संघटना आहे, ती कर्मचाऱ्यांच्या वतीने कामगार खात्याकडे आणि मंत्रालयाकडे तक्रारी देते, त्यात तुम्हाला एकट्याने पुढे यावं लागत नाही. युनियन म्हटलं की आपले लोक बिचकतात, आपण काय कामगार आहोत का म्हणतात. हो, आहोत. माझ्या बाबांना ते म्हणायला कधी कमीपणा वाटला नाही आणि त्याच्याच जोरावर त्यांची ओटी बसायची.

कंपनीकडून मला जे हवंय ते फार मोठं नाहीये. टाइमशीटची ती लाल पट्टी काढा. जेवढे तास झाले तेवढे टाकू द्या, क्लायंटला बिल करा किंवा नका करू, तो तुमचा प्रश्न, पण आमच्या नावावर लिहून ठेवा. प्रवासाच्या दिवशी घरातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतची वेळ लिहायला एक वेगळा कोड द्या. रविवारी प्रवास झाला तर त्याची कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, आपोआप जमा होऊ दे, मागायला लावू नका, आणि ती साठ दिवसांत लॅप्स होऊ देऊ नका, कारण ज्या प्रोजेक्टमुळे रविवार गेला त्याच प्रोजेक्टमुळे पुढचे साठ दिवस सुट्टी मिळत नाही हे सगळ्यांना माहितीये. पहाटेच्या फ्लाइटऐवजी आदल्या दिवशी ऑफिसच्या वेळेत पाठवा आणि हॉटेलचा खर्च करा.

माझ्या टीममध्ये मी जे करू शकते ते सुरू केलंय. आम्ही एक साधी शीट ठेवलीये, त्यात प्रत्येक जण खरे तास टाकतो, रिलीजची रात्र, शनिवार, प्रवास सगळं. महिन्याच्या शेवटी मी ती डिलिव्हरी हेडला मेलवर पाठवते, कुणाचं नाव न घालता, फक्त टीमचे एकूण तास. पहिल्या मेलला उत्तर आलं नाही. दुसऱ्यानंतर मला बोलावून विचारलं की हे कशासाठी. मी म्हणाले, पुढच्या वेळी एस्टिमेट कापताना हा आकडा समोर असावा म्हणून. तिमाही संपल्यावर नवीन प्रपोजल बनलं, त्यात मी वीकेंड रिलीज आणि प्रवासाचे दिवस वेगळ्या ओळीत टाकले. सेल्सने रिलीजची ओळ ठेवली, प्रवासाची काढली. पुढच्या प्रपोजलमध्ये मी ती परत टाकणार आहे.

आणि तुम्ही टीम लीड नसाल तरी एक करता येतं. जास्त थांबलात, शनिवारी आलात, रविवारी प्रवास केलात, की त्याच दिवशी मॅनेजरला दोन ओळींचा मेल टाका, भांडण नको, फक्त "आज अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत रिलीजचं काम केलं, नोंदीसाठी कळवतोय" किंवा "कळवतेय". व्हॉट्सॲपवर नको, ऑफिसच्या मेलवर, आणि तारीख-वेळांची एक नोंद स्वतःच्या वहीत पण ठेवा, कारण नोकरी सोडली की मेलबॉक्स बंद होतो. क्लायंटचा डेटा, कोड वगैरे काही बाहेर पाठवायचं नाही, फक्त तुमच्या वेळा. पुढे कधी कामगार आयुक्तांकडे जायची वेळ आलीच तर पहिला प्रश्न हाच येतो की किती तास, कुठल्या तारखांना, आणि तेव्हा तुमच्याकडे लाल पट्टीने अडवलेल्या नऊ-नऊच्या टाइमशीटशिवाय दुसरं काहीतरी हातात असायला हवं.